दुलारीचा पानांचा पडदा

माझी पहिली नोकरी कसली होती, हे मी बाबांना शेवटपर्यंत नीट समजावून सांगू शकलो नाही. "चित्रं घेऊन गावोगाव फिरतो," असं सांगितलं की ते विचारायचे, "टुरिंग टॉकीज होय का?" नाही म्हटलं की विचारायचे, "मंग सर्कस?" पुढे मी नाद सोडला. रेल्वेतले त्यांचे सोबती चौकशी करायचे तेव्हा ते छाती काढून सांगायचे, "पोरगा नागपूरच्या संस्थेत हाय." संस्था म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात, हा त्यांचा अनुभव होता.

बाबा रेल्वेत खलाशी होते. सुट्टी मिळेल तेव्हा सभेच्या मैदानाबाहेर, आणि दरवर्षी न चुकता दीक्षाभूमीवर, चादर अंथरून पुस्तिका विकायचे. आमच्या घरात कपाट नव्हतं, पण पत्रकांचे गठ्ठे होते. मी बाराखडीच्या पुस्तकापेक्षा पत्रकांवर वाचायला शिकलो. 'जागे व्हा', 'जाब विचारा', 'किती दिवस सहन करणार?' असल्या अक्षरांवर वाढलेलं पोर पुढे जे लिहील तसंच मी लिहितो. माझ्या वाक्यांच्या मुठी आवळलेल्या असतात, असं मित्र म्हणतात. म्हणोत.

ही गोष्ट २००८ च्या आसपासची. प्रदर्शनाचं नाव होतं 'शेजार'. कल्पना साधी होती. गोंदियाहून पॅसेंजरमध्ये बसलं की शेंगदाण्याची पुडी संपते न संपते तोच दुसरं राज्य लागतं. एका अंगाला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. लोक एकमेकांच्या बाजारात जातात, सोयरीक करतात, पण एकमेकांच्या घरात काय घडवलं जातं ते पाहत नाहीत. म्हणून तिन्हीकडच्या आजच्या चित्रकारांची कामं एका मेटॅडोरमध्ये घालून तिन्हीकडे फिरवायची. संस्थेच्या कल्याणी मॅडमनी हे सगळं उभं केलं होतं. मी सहायक. म्हणजे पेट्या भरणारा, खिळे ठोकणारा आणि लोकांना चित्रं समजावून सांगणारा.

बाहेरच्यांना वाटतं, चित्र टांगण्यात काय असतं? असतं. पेटीत भरताना चित्राच्या तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावायची. तोंडाला पाठ लागली की एकाचा हूक दुसऱ्याच्या डोळ्यात घुसतो. सुतळीची गाठ अशी मारायची की सोडताना कात्री लागू नये, कारण कात्री घाईत कुठे जाईल सांगता येत नाही. आणि उंची. चित्राचा मध्य डोळ्यांच्या रेषेत यावा, असा नियम. मी मॅडमना विचारलं, कोणाच्या डोळ्यांच्या? मोठ्या दालनात ताठ उभ्या राहणाऱ्या उंच माणसाच्या, की दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या? त्यावर आमचं बरंच वाजलं. शेवटी मी खिळे हातभर खाली आणले. ते तत्त्व मी अजूनही सोडलेलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दवनीवाड्याला शाळेच्या हॉलमध्ये एक मोठं चित्र लावलं होतं, नुसतं हिरवं. इकडून तिकडे हिरवंच. बालाघाटच्या एका चित्रकाराचं. एक वयस्क धानवाला शेतकरी त्याच्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला. मी त्याला जमीन, मालकी आणि श्रम यांवर माझं नेहमीचं भाषण दिलं. त्याने ते सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बाकी ठीक हाय बापू. पन यात बांधी कुठून सुरू होते अन् कुठं सरते? बांधच नाही त भावाभावाचं भांडन कायचं?" बांधी म्हणजे आमच्याकडे बांध घातलेला धानाचा तुकडा. मी हे चित्रकाराला फोनवर सांगितलं. तो इतका हसला की शेवटी ठसका लागला. पुढे त्याने कुठल्या चित्रात बांध घातला की नाही, कळलं नाही.

गोंदियात कॉलेजच्या हॉलमध्ये एक राइसमिलवाले शेटजी आले. एका चित्रापुढे बराच वेळ उभे राहून त्यांनी मला जवळ बोलावलं. "भैया, ये लाल की जगह थोड़ा मरून हो जाएगा क्या? परदे मरून हैं हमारे." तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आता वाटतं, बिचाऱ्याने निदान त्या चित्राला घरात कुठे जागा द्यायची याचा विचार तरी केला होता.

कॉलेजात येणारे लोक कुठेही येतातच. माझा हट्ट होता की प्रदर्शन गोंदियातल्याच आमच्या मोहल्ल्यात, विहाराला लागून असलेल्या समाजमंदिरात न्यायचं. मॅडम बिचकत होत्या. तिथे पहारेकरी नाही, चित्रांपुढे आडवी दोरी लावायला जागा नाही, दाराची कडी सैल. मी म्हणालो, दोरी नकोच आहे. शेवटी त्या हो म्हणाल्या. मी रात्रीतून पत्रक लिहिलं, छापून घेतलं आणि रिक्षाला भोंगा बांधून गल्लीगल्लीत वाटलं. मथळा होता: 'ही चित्रं तुमची आहेत!'

लोक आले. बायका सूप बाजूला ठेवून, पदराला हात पुसत आल्या. मरून पडद्यांचे शेटजीसुद्धा आले. आमच्या मोहल्ल्यात ते पहिल्यांदाच येत होते. दारात कोणीतरी 'जय भीम' म्हटलं, तर त्यांनी गडबडून दोन्ही हात जोडले. त्यांना चहा दिला आणि आम्ही सगळे कपाकडे पाहत बसलो. त्यांनी चहा घेतला. हे लिहिण्यासारखं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरचा चहा कोणी कधी नाकारला नसणार.

समाजमंदिरात सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती दुलारीच्या पडद्यापुढे.

दुलारी छत्तीसगडातल्या डोंगरगडच्या पलीकडच्या एका गावची. कुठल्याही चित्रशाळेत न गेलेली. तिला निवडावं म्हणून कल्याणी मॅडम समितीशी भांडल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुलारीचं गाव उन्हाळ्यात तेंदूपान, म्हणजे बिडीचं पान, तोडायला जंगलात जातं. तिने त्यातलीच पानं वाळवून, दोऱ्यात ओवून, दारभर पडदा केला होता. प्रत्येक पानावर छुहीने, म्हणजे त्यांच्याकडे भिंती सारवतात त्या पांढऱ्या मातीने, एक चेहरा. गावातल्या प्रत्येक घरातल्या एका माणसाचा, त्याला विचारून काढलेला. काहींनी नकार दिला, त्यांची पानं तिने कोरी ठेवली होती. बाकीच्यांना तिने शब्द दिला होता की तुम्ही सगळे गावागावांतून फिरत शेवटी नागपूरच्या मोठ्या दालनात लागणार आहात. तिची आई आणि आणखी काही जण तेव्हा नागपूरला यायचं ठरवून बसले होते. त्यातलं कोणी त्याआधी डोंगरगडच्या पुढे गेलं नव्हतं.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी जन्मभर तेंदूपान हाताळलेलं. पण पानावर माणूस पाहिला नव्हता. त्या पडद्यासमोर बसून राहायच्या. त्यांच्यात सगळ्यात पुढे सेवंताबाई. आमच्या शेजारची, मी तिला मावशी म्हणतो. तिच्या हातची बिडी माल घेणारा सट्टेदार कधी छाटीत, म्हणजे नापास ढिगात, टाकायचा नाही.

थंडी सरून हवा कोरडी झाली होती. पंख्याखाली पानं खडखड वाजायला लागली. कडा मुडपल्या, एकदोन पानांचे कोपरे तुटून खाली पडले. सेवंतामावशी येऊन म्हणाली, "संघपाल, ते पान करपून रायलं ना बापा."

"मावशी, ते चित्र आहे. तसंच असतं ते."

"चित्र होय त पान नाही का मंग?"

मी तिला कलावस्तू आणि कच्चा माल यांतला फरक समजावला. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायला आली, मी पुन्हा समजावलं.

विहार आणि समाजमंदिर झाडायची बायकांची पाळी असते. त्या संध्याकाळी पाळी तिची होती, आणि किल्ली तिच्याकडे. सकाळी मी दार उघडलं, तर दुलारीच्या पडद्याचा खालचा अर्धा भाग ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. वरून सुतळी, व्यवस्थित गाठ मारलेली. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं, आणि खाली फरशीवर पांढरं थारोळं.

बिडी कामगाराच्या घरी रोज संध्याकाळी हेच होतं. कोरडं पान कापता येत नाही, वळता येत नाही, भुगा होतो. म्हणून आदल्या संध्याकाळी पानावर पाणी शिंपडायचं, ओल्या गोणपाटात बांधून ठेवायचं, सकाळी ते कापडासारखं मऊ होतं. सेवंतामावशीने घरच्या पानाला जे केलं, तेच या पानाला केलं होतं. तिचा हात पोचला तिथपर्यंत.

मी गोणपाट सोडलं. वरचे चेहरे शाबूत. खालचे ओघळून गेलेले. मधे एक सरळ रेषा, सेवंतामावशीच्या उंचीची. पडदा मी खाली टांगला नसता, तर ती रेषा आणखी खाली आली असती आणि जास्त चेहरे वाचले असते, एवढं गणित तेव्हाही मला कळलं.

मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात पान कापत बसली होती. काऊन असं केलं म्हणून विचारलं, तर कात्री थांबलीसुद्धा नाही.

"तूच त कागद वाटला, हे समदं तुमचं होय म्हनून. आपलं असल्यावर आपन पानाले असं मरू देतो का?"

तो मथळा आजही मी बदलणार नाही.

कल्याणी मॅडम दुपारच्या गाडीने नागपूरहून आल्या. पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणूनच मी म्हणत होते, संघपाल. अशा जागी नको."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. 'अशा जागी' हे दोन शब्द मी लहानपणापासून निरनिराळ्या तोंडांतून ऐकलेत. मी म्हणालो, दोरी लावून दाखवायची असतील तर ही चित्रं तुमच्या नागपुरातच ठेवा, आणि माझा राजीनामा घ्या. त्या म्हणाल्या, राजीनाम्याने माती परत येणार आहे का? नियम सरळ होता, बिघडलेलं काम पेटीत घालून कलाकाराकडे परत पाठवायचं. म्हणजे दुलारीचा पडदा नागपूरला जाणार नव्हता. आणि पुढची गावंही धोक्यात होती. मी एवढंच मागितलं की आधी दुलारीला बोलवा. तिच्या गावात दुकानाच्या फोनवर निरोप ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने ती आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात रबरी चपला, वय माझ्याहून कमीच. तोवर बातमी मोहल्लाभर झाली होती. बायका समाजमंदिरात जमल्या होत्या, सेवंतामावशी त्यांच्यात. दुलारी थेट पडद्याजवळ बसली आणि खालच्या ओळीपासून एकेक पान चिमटीत धरून नावं घेऊ लागली. हा अमका, ही तमकी. जिथे माती जाड होती तिथे पानावर फिकट खूण राहिली होती. काही पानं मात्र साफ धुतली गेली होती. एका पानाशी ती थांबली. "दाई," एवढंच म्हणाली. तिच्या आईचं पान.

मग वळून विचारलं, "कोन भिंजोइस एला?"

कोणी भिजवलं, हे सगळ्यांना कळलं. सेवंतामावशी उठून उभी राहिली. "मीनं वो माय."

दुलारीचा आवाज चढला. तिने जे सांगितलं ते असं. त्यांच्याकडे पान तोडून उन्हात पसरतात. ते वाळत असताना अवकाळी पाऊस आला की पानाला काळे डाग पडतात आणि खरेदी करणारा मुन्शी ते घेत नाही. आभाळ भरून आलं की सगळं गाव घरातली लुगडी घेऊन पानांवर धरायला धावतं. लहानपणी तिनेही धरली आहेत. "हमर डाहर पाना म पानी परगे त सब नास," ती म्हणाली. पानावर पाणी पडलं की सगळं संपलं.

सेवंतामावशी म्हणाली, "अन् आमच्या इथं पान सुकलं की काम बंद."

मी मधे पडून काही बोलणार होतो, पण माझ्या सुदैवाने मावशीने आधी विचारलं, "झाड लय उंच असते का वो? चढून तोडा लागते?" जन्म गोंदियात गेलेला, जंगलात कधी गेली नव्हती. दुलारीने कमरेएवढा हात दाखवला. झुडुपाचं पान तोडतात, वाकूनवाकून कंबर जाते. "आमची बसूनबसून जाते," मावशी म्हणाली. तेव्हा दुलारी पहिल्यांदा हसली.

मावशी तिला घरी घेऊन गेली. पत्र्याचा फर्मा दाखवला, तो पानावर ठेवून कसं कापायचं ते दाखवलं. आपल्या गावातून गोणी गेल्या की पुढे पानाचं काय होतं, हे दुलारीने कधी पाहिलं नव्हतं. ती दुपारपर्यंत परतली नाही. मॅडम घड्याळ पाहत होत्या, मी मॅडमकडे.

परत आली तेव्हा सोबत मावशी होती. मॅडमनी समजुतीच्या सुरात सांगितलं की पडदा तिने घरी न्यावा, पुढच्या वर्षी नवा करावा. दुलारी मॅडमशी हिंदीत बोलायची. म्हणाली, "गाँव को बोल के आई हूँ मॅडम, कि सब नागपुर जा रहे हैं। आधे लोगों को यहीं उतार दूँ क्या?"

मॅडमनी खालची पानं एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "चेहरे पुन्हा काढशील?"

दुलारीने मान हलवली. जे धुतलं गेलं ते धुतलं गेलं, इथे हे झालं हे दिसू दे. पण एक अडचण आहे, ती म्हणाली. एकदा भिजलेलं पान पुन्हा कोरडं पडलं की त्याचा भुगा होतो, असं ही दाई, म्हणजे मावशी, सांगते. आता याला रोज पाणी लागेल. खालच्या अर्ध्याला. वरच्याला थेंबसुद्धा नको.

"रोज कोण करणार ते?" मॅडमनी विचारलं.

"बिडीवाली कुठं नाही?" मावशी म्हणाली. "गावोगाव भेटते. नागपुरात मी येतो."

कल्याणी मॅडमनी चष्मा काढून पुसला, आणि नियम बदलला. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल पत्रकी भाषेत बोलणं बंद केलं.

पुढचा प्रवास आठवला की अजून गोणपाटाचा ओला वास येतो. प्रत्येक मुक्कामी आधी बिडी वळणारी बाई शोधायची. इटियाडोह धरणाच्या बाजूला एका गावात जी भेटली, तिने पाण्यात हात बुडवण्याआधी दुलारीच्या पडद्याला नमस्कार केला. मी म्हणालो, हा देव नाही. ती म्हणाली, "देव नाही त काय झालं? मानसं तर हायेत ना." जवळच्या तिबेटी वसाहतीतून एक म्हातारे गृहस्थ स्वेटर घालून आले होते. ते रोज संध्याकाळी फक्त पान बांधायचं काम पाहायला यायचे. भाषा जुळत नव्हती. सुतळीचं एक टोक ते धरायचे.

ते प्रदर्शन पुन्हा फिरलं नाही. संस्थेचा निधी आटला, मॅडम दुसरीकडे गेल्या, मेटॅडोर भंगारात गेली. समाजमंदिराला आता टाइल्स आहेत, दाराला पक्की कडी आहे. मोहल्ल्यातल्या तरुण मुली बिड्या वळत नाहीत, आणि ते चांगलंच झालं. पडदाही टिकला नाही, पान किती टिकणार? त्यानंतर मी बऱ्याच नोकऱ्या केल्या, बरीच पत्रकं लिहिली. पण कोणी विचारलं, तू काय काम केलंस, तर मला नागपूरची ती पहिली संध्याकाळ आठवते.

दालन मोठं, भिंती पांढऱ्या, प्रत्येक चित्राशेजारी 'हात लावू नये' अशी पाटी. खिळे मी इथेही खालीच ठोकले होते. दुलारीच्या गावची माणसं दुपारीच येऊन आपापले चेहरे शोधत बसली होती. ज्यांचे सापडले ते हसत होते, ज्यांचे नाही ते शेजाऱ्याचा पाहत होते. दुलारीच्या आईने विचारलं, "मोर कोन मेर हे?" माझा कुठे आहे? दुलारीने धुऊन कोरं झालेलं पान दाखवलं. म्हातारीने ते दोन बोटांत धरलं, अंगठ्याने चोळून पाहिलं. तिच्या शेजारी सेवंतामावशी उभी होती.

"पाना बने हे," म्हातारी म्हणाली. पान चांगलं आहे.

"तुमचंच होय वो," मावशी म्हणाली.

बंद व्हायची वेळ झाली. मावशीने बादली आणि गोणपाट आणलं, पदर खोचला. पाणी शिंपडायला लागली तशी म्हातारी दचकून मागे सरली. जन्मभर ती पाण्यापासून पान वाचवत आली होती. मावशीने बादली फक्त तिच्या बाजूला सरकवली. म्हातारीने पाण्याकडे आणि आपल्या पानाकडे पाहिलं. मग वाकून बोटं बुडवली, आणि आपल्याच पानावर पाणी शिंपडलं.

तेवढ्यात दालनाचा पहारेकरी धावत आला. "ओ बाई, हात लावायचा नाही! पाटी दिसत नाही का?"

मी मधे गेलो.

"राहू द्या, दादा," मी म्हणालो. "त्या कामावर आहेत."